पेणचा न थांबणारा हूक

हसन मुकादम आमच्या रोह्याचे. आखातातील एका गोदीत त्यांनी यंत्रांचे काम आत्मसात केले आणि गावी परतल्यावर विजेचे हॉइस्ट, म्हणजे साखळीने वजन उचलणारी यंत्रे, दुरुस्त करण्याचा व्यवसाय पत्करला. त्यांचा क्रम ठरलेला असे: आधी वीज, मग बटणे, मग ब्रेक, शेवटी साखळी. वीज आहे की नाही, हे फोनवर विचारल्याखेरीज ते घरातून निघतसुद्धा नसत. दोष कितीही आडवळणी असो, या क्रमात तो सापडतोच, ही त्यांची श्रद्धा. ती पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात डळमळली.

कारखाना रोहिणीताईंचा. माडीवर रंगवलेल्या मोठ्या मूर्ती हॉइस्टने उचलून, कठड्यावरून पलीकडे नेऊन ट्रकमध्ये उतरवीत. तक्रार एकच होती: हूक वर जाताना थांबत नाही, थेट यंत्रावर आदळतो. तो आदळण्यापूर्वी थांबावा यासाठी एक कळ असते. हसनभाईंनी ती तपासली, पुढे बदललीही. त्यांच्यासमोर हूक दर वेळी नेमका थांबे, ते रोह्यास पोहोचले की फोन येई, "भाई, परत धडकला."

श्रावण सरत आला असता ते पुन्हा निघाले. पेणला माझेही काम असल्याने मी सोबत होतो. एसटीत ते म्हणाले, "मास्तर, आज नाय सापडलं तर ही हत्यारांची पिशवी फरझानाच्या हाती देणार. बायकोच हाय, कुठेतरी माळ्यावर टाकील. यंत्र तर खोटं बोलत नाय. म्हणजे मलाच कळेनासं झालंय."

कारखान्यात सर्वांत उंच मूर्ती पट्ट्यांनी बांधून तयार होती. ट्रक खाली उभा होता.

"भाई, तुम्ही समोर असलात की हा साधू," रोहिणीताई म्हणाल्या, "पाठ वळली की पिसाळतो. तुम्ही इथंच राहायला या, म्हणजे आमचं काम होईल."

हसनभाईंनी क्रमाने सारे पाहिले. रिकामा हूक वर गेला, थांबला. पुन्हा गेला, पुन्हा थांबला. ते प्लास्टरच्या गोणीवर बसले आणि हातातील टेस्टरकडे नुसतेच पाहत राहिले.

तेवढ्यात वीज गेली. ते पिशवी आवरू लागले. "लाइट आली की बघू."

"लाइटची वाट कोण बघतंय? मुहूर्त टळेल," रोहिणीताई म्हणाल्या. "कान्हूदादा, जनरेटर लावा."

कान्हू हा तेथला जुना रंगारी. हॉइस्टही तोच चालवी. जनरेटर धडधडू लागला. कान्हूने लोंबती बटणांची पेटी हाती घेतली, बटण दाबले आणि हूक वर निघाला. हसनभाईंची नजर त्याच्या अंगठ्यावर खिळली.

"काय दाबलंस?"

"खाली."

"आणि हूक?"

"वर चाललाय. दिसत नाय काय?"

हूक यंत्राला भिडणार, इतक्यात हसनभाईंनी पेटीवरचे लाल बटण दाबून सारे बंद केले.

"हे असं कधीपासून?"

"जनरेटर आणल्यापासून. लाइटवर वर म्हणजे वर, जनरेटरवर खाली म्हणजे वर. सवय झालीय."

"मग मला सांगितलं का नाय?"

कान्हूचा गोंधळ खरा होता. "तुम्ही बिघाड काय ते विचारलंत. ह्यो बिघाड कुठं? ही तर आमची रीत."

उलगडा असा होता. जनरेटरच्या तीन तारा वेगळ्या क्रमाने जोडल्या गेल्याने मोटर उलटी फिरे. थांबवणारी कळ 'वर'च्या बटणाचाच प्रवाह तोडू शकते. ही मंडळी 'खाली' दाबून मूर्ती वर नेत, तेव्हा ती कळ असून नसल्यासारखी होती. आणि वीज असल्याची खात्री करून येणाऱ्या हसनभाईंनी हॉइस्ट जनरेटरवर चालताना कधी पाहिलाच नव्हता.

जनरेटर बंद करून त्यांनी दोन तारांची अदलाबदल केली. आता 'वर' दाबताच हूक वर गेला आणि आपसूक थांबला.

कान्हू पेटी हाती घेऊन घुटमळला. "म्हणजे जनरेटरवर वर म्हणजे वर?"

"व्हय."

"आणि लाइट आली की?"

"तरी वरच."

"मग खाली?"

"अरे बाबा, खाली म्हणजे खाली!"

त्याचा अंगठा तरीही 'खाली'कडेच वळत होता. "माझा भरवसा नाय," म्हणून त्याने पेटी हसनभाईंच्याच हाती दिली. त्यांनी मूर्ती स्वतः उचलली. "मोरया!" चा गजर झाला, कठडा ओलांडून मूर्ती ट्रकमध्ये अलगद टेकली.

परतीच्या एसटीत पिशवी त्यांच्या मांडीवर होती. ती माळ्यावर जाणार नव्हती, हे उघड होते. चेहरा मात्र मोकळा झाला नव्हता. पेण मागे पडल्यावर म्हणाले, "सापडलं खरं, मास्तर. पण आधी वीज बघायची, हा माझा क्रम. आता फोनवर काय विचारू? लाइट हाय काय, की लाइट गेलीय काय?"