नाखवांची वहिवाट

नाखवांच्या नितीनचा फोन आला तेव्हा मी वाल सोलत बसले होते. "मावशी, बाबा गेले," म्हणाला. दुपारी जेवून आडवे झाले होते, चहाला हाक मारली तर उठलेच नाहीत. मी वालाचं ताट बाजूला सारलं, डोळे पुसले, आणि खरं सांगायचं तर पहिला विचार मनात आला तो हा, की आता उद्या त्या वाटेवरून चालणार कोण? माणूस गेल्याची बातमी ऐकून कुणाला वाट आठवते का? पण जनार्दन नाखवा आणि ती वाट यांना वेगळं काढायचं म्हटलं तर हातात काहीच उरत नाही. आज महिना होऊन गेला, तरी मला ते काढता येत नाही.

आम्ही दोघं नगररचना खात्यात आरेखक होतो. म्हणजे साहेबांनी ठरवायचं आणि आम्ही काढायचं. मी डोंबिवलीची, तोंडाने फटकळ. ते कोलशेतच्या बाजूच्या कोळीवाड्यातले, तोंडाने गोड आणि आतून महाहट्टी. आडनाव नाखवा, म्हणजे होडीचा मालक, आणि या गृहस्थाला पोहता येत नव्हतं! होडीत बसले की पोटात ढवळायचं. ऑफिसात यावरून त्यांची किती टर उडवली असेल आम्ही... "नाखवा, आज समुद्र शांत आहे ना?" असं विचारल्याशिवाय कुणाचा चहा गळ्याखाली उतरत नसे. तेही हसायचे. "अहो बाई, आमच्या आज्याने इतकं पाणी पाहिलं की माझ्या वाटणीला उरलं नाही," म्हणायचे.

तेव्हा नकाशे हाताने रंगवायचे दिवस होते. राहण्याच्या जागेला पिवळा रंग, झाडाझुडपांना हिरवा, पाण्याला निळा. पिवळ्या रंगाची बाटली सारखी रिकामी व्हायची आणि निळी वर्षानुवर्षं तशीच पडून. एकदा नाखवा ती निळी बाटली उजेडात धरून बघत बसले होते. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, "काही नाही, वाळत चाललीये." त्यांनी ती टाकू दिली नाही, थोडं पाणी घालून हलवून ठेवली. साहेब लोक वरून नकाशात बोट फिरवायचे, इथून रस्ता, तिथून रस्ता, आणि आम्ही उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे गावंच्या गावं पिवळी करून टाकायचो. मला तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. पगार, घर, मुलीची शाळा, संध्याकाळचा स्वयंपाक, यात बाईमाणसाला खाडीचा विचार करायला फुरसत कुठली? नाखवांना मात्र वाटायचं, कारण त्यातलं एक गाव त्यांचं होतं.

त्यांच्या कोळीवाड्यातून एक पायवाट निघते आणि एका नाल्याच्या काठाने थेट खाडीच्या धक्क्यावर जाते. जाळी, होड्या, नारळी पौर्णिमेचा नारळ, गणपती, सगळं त्याच वाटेने जायचं. मधली जमीन एका कारखान्याची होती. कारखानदाराने कधी कुणाला अडवलं नाही आणि कुणी कधी त्याला विचारलंही नाही. मग कारखाना बंद पडला, जमीन विकली गेली, आणि तिथे आमचं संकुल उभं राहिलं. आमचं म्हणते, कारण निवृत्तीचे पैसे घालून त्यात सातव्या मजल्यावर घर घेणारी मीच. खाडी दिसते म्हणून घेतलं! वास्तुशांतीला नाखवा आणि हिरावहिनी आले. वहिनींनी माझ्यासाठी वाटीभर सुका जवळा आणलेला, सत्यनारायणाच्या दिवशी, तोही पदराखाली लपवून. नाखवा बाल्कनीत उभे राहून खाली बघत होते. म्हणाले, "बाई, तुमच्या घरातून आमची वाट पूर्ण दिसते की. बरं झालं. लक्ष ठेवा."

लक्ष ठेवण्याची वेळ लवकरच आली. संकुलाला कुंपण झालं, वाट कुंपणाच्या आत आली. गावाच्या बाजूला एक गेट, खाडीच्या बाजूला दुसरं. गेटवर वॉचमन, त्याच्या टेबलावर वही. नाव लिहा, काम लिहा, सही करा, मग आत जा. नाखवांनी अर्ज केले, आम्ही जिथे जन्म काढला त्याच खात्यात. उत्तर मिळालं की ही वाट नकाशावर नाही. आहे म्हणता तर वापरात असल्याचं दाखवा. म्हणजे वहिवाट दाखवा. आता वहिवाट हा शब्द आपण सगळेच वापरतो, पण त्यातली मेख मला नाखवांनी सांगेपर्यंत माहीत नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या लोक उघडपणे चालत आले, न विचारता चालत आले, तर तो त्यांचा हक्क. विचारून चालले तर ती नुसती मेहरबानी. आणि मेहरबानी करणारा ती कधीही काढून घेऊ शकतो.

म्हणून हा माणूस रोज सकाळी चालायला लागला. पांढरा लेंगा, अर्ध्या बाह्यांचा सदरा, हातात छत्री, ऊन असो पाऊस असो. गेटवर आमचा वॉचमन शिंदे, लातूरकडचा, साधा पोरगा. तो विचारायचा, "काका, कुठं जायचंय?"

"खाडीवर."

"सही करा, काका."

"सही करणार नाही. वाट आमची आहे."

"काका, माझी नोकरी जाईल हो."

"तुझी नोकरी विचारायची आहे, तू विचार. माझं काम सही न करण्याचं आहे."

आणि शिंदे गेट उघडायचा. कारण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ढकलून द्यायला त्याचा हात धजत नव्हता. हे रोज. एक दिवस चुकलं नाही. येताना नाखवा त्याला चहा पाजायचे, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वरून बघताना हसू यायचं आणि संतापही यायचा. एका सहीने याचं काय झिजतं, असं वाटायचं.

आमच्या कमिटीतल्या लोकांनाही तसंच वाटत असावं. माणसं वाईट नव्हती. कुणी म्हणालं, हे बरं दिसत नाही, म्हातारा माणूस रोज गेटवर हुज्जत घालतो; आपण गावातल्या लोकांना पासच देऊन टाकू. फुकट, फोटो लावून, कायमचा. कोळीवाड्यातल्यांनी आनंदाने घेतले. जाळीवाले, कोलंबीवाले, सगळ्यांच्या गळ्यात पास आले. नाखवांचा पास मी स्वतः घेऊन गेले, पेढ्यांबरोबर. मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "घ्या, संपली तुमची कटकट."

त्यांनी पास हातात घेतला, फोटो बघितला, आणि चेहरा असा पडला की मी घाबरलेच. "बाई, तुम्हीसुद्धा?" म्हणाले. आवाज चढवला नाही. पास पेढ्यांच्या बॉक्सवर ठेवला आणि बॉक्स माझ्याकडे सरकवला. "अख्ख्या गावाने भीक म्हणून घेतला तो. आपल्याच वाटेची भीक. आता न विचारता चालणारा मी एकटा राहिलो. मी पण घेतला की संपलं." मलाही राग आला. म्हटलं, तुमच्या गावाला नको असेल वाट तर तुम्ही कशाला ऊर बडवताय? तुमचा नितीनसुद्धा मोटारसायकलवरून वळसा घालून जातो! "त्याला नुसता वळसा दिसतो, वाट दिसत नाही," एवढंच ते म्हणाले आणि आत निघून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस आमचं बोलणं बंद होतं. मी बाल्कनीतून बघायचे, ते मान वर करायचे नाहीत. वहिनी मध्येच बाजारात भेटल्या की म्हणायच्या, "बाय, तो घरात पन बोलत नाय. तू मनाव घेऊ नको."

ते आपणहून बोलले, तेही पाण्यामुळे. जुलैत एकदा उधाणाची भरती आणि कोसळता पाऊस एकत्र आले. आमच्या तळघरातल्या गाड्या पाण्यात. लोक टाहो फोडत होते. कोळीवाड्यात उंबऱ्यापर्यंत पाणी, घरातल्या बायका गाद्या माळ्यावर टाकतायत. ओहोटी लागली आणि सगळं पाणी त्या वाटेशेजारच्या नाल्यातून खळाळत खाडीला गेलं. गावाचंही आणि आमच्याही तळघराचं. नाखवा छत्री धरून नाल्याशी उभे होते, मी लिफ्ट बंद म्हणून सात जिने उतरून धापा टाकत गेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाट गेली ना बाई, की शेजारचा नाला कुणाच्या नजरेत राहणार नाही. पाईप टाकतील, भराव घालतील, वर गाड्या लावतील. नाल्यासाठी लोकांना चला म्हटलं तर कोण चालेल? म्हणून मी वाट धरून बसलोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पेढे चांगले होते का?"

मी तिथे पावसात रडले. रडू कसलं, भोकाडच पसरलं. इतक्या दिवसांचा अबोला त्यांनी पेढ्यांवर मिटवला. तिथून मी त्यांच्याबरोबर चालायचं म्हटलं, तर त्यांनी तेही मोडीत काढलं. "तुम्ही मालक. मालकाच्या चालण्याला वहिवाटीत किंमत शून्य. तुम्ही आपल्या वरूनच बघा." मग मी वरून बघत राहिले. पांढरा सदरा गेटपाशी थांबायचा, शिंदेची मान हलायची, सदऱ्याची हलायची, गेट उघडायचं. माझा सकाळचा पहिला चहा त्यावर व्हायचा. मी त्या माणसावर प्रेम केलं हो, भावावर करावं तसं. कधी बोलून दाखवलं नाही. आता दाखवते, कागदावर.

ज्या दिवशी गेले त्या सकाळीही ते चालून आले होते. संध्याकाळी अंत्यसंस्कार झाले. गावातल्या बायकांनी वहिनींना मध्ये घेतलेलं, त्या एकसारख्या भिंतीकडे बघत होत्या. रडल्या नाहीत. मी हात धरला तर म्हणाल्या, "बाय, उद्या?" मला कळलं त्या काय विचारतायत ते. नितीनला विचारावं तर तो कोपऱ्यात कोसळलेला. बाकी गावाच्या गळ्यात पास. वहिनींची मोठी जाऊ म्हणाली, "हिरा, दहा दिवस आता उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाय." सगळ्यांनी माना हलवल्या. मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी चहा केला आणि बाल्कनीत जायचा धीर होईना. रिकामी वाट बघून काय करायचं होतं? शेवटी गेलेच, सवयीने. आणि कोळीवाड्याच्या बाजूने वहिनी येताना दिसल्या. एकट्या. कपाळ मोकळं, पदर डोक्यावरून, गुडघे दुखतात म्हणून डावीकडे झुकत. मागे थोड्या अंतरावर त्यांची जाऊ, "हिरा, मागं फीर, लोक काय बोलतील," असं ओरडत होती, ते वरपर्यंत ऐकू येत होतं. मी चहा तसाच ठेवून लिफ्टकडे धावले.

खाली पोचले तोवर वहिनी गेटवर आल्या होत्या. शिंदेने त्यांना पाहिलं, टोपी काढली, वही मिटून टेबलाखाली सरकवली आणि गेट सताड उघडून बाजूला उभा राहिला. हात जोडून. त्याला दुसरं काय सुचणार? त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

"बंद कर," म्हणाल्या.

शिंदे माझ्याकडे बघायला लागला. "मावशी, जा की तुम्ही. आज कसलं विचारायचं..."

"बंद कर गेट. वही काढ वर." वहिनी ताठ उभ्या होत्या. "त्याला रोज इचारायचास ना? पावसात इचारलास, तापात इचारलास. मंग मना पन इचार. मी दया खावाला नाय आली."

पोराने गेट लावलं. वही काढली, पान उघडलं, पेन ठेवलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही तो विसरला. "कुठं जायचंय, मावशी?"

"खाडीव."

"सही करा..."

"सही नाय करनार," हिरावहिनी म्हणाल्या, आणि तिथे, गेटच्या दांड्याला धरून, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा रडल्या. शिंदेने गेट उघडलं.