भिंगरीला झोप येईपर्यंत

गल्लीत तिला सगळे गादीवाली म्हणत. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, दाभणाने टाके घालून गादी शिवायची, हे ती बापाच्या हाताखाली शिकली आणि बाप गेल्यावर तिने एकटीने दुकान चालवलं. भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला ती शिवण खाली न ठेवताच गप्प करायची. अशी ही बाई संध्याकाळी दुकानाचं शटर ओढताना मात्र मनातून घाबरलेली असे. तिला भीती वाटायची ती सात वर्षांच्या भाचीच्या झोपायच्या वेळेची.

वहिनी आजारपणात गेली तेव्हापासून पोर आत्याकडे होती. भाऊ लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, आला तर आला. पोरीला घरात भिंगरी म्हणत. तिला एडीएचडी आहे, ती मुद्दाम त्रास देत नाही, थांबणं तिला जमतच नाही, असं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं. आत्याला ते पटलंही होतं. पण दिवा मालवला की पोरीला जास्तच ऊत यायचा. खिडकीच्या गजांवर चढ, उशीवरून कोलांटी मार. एकदा तर उघड्या दारातून ती थेट रस्त्यावर धावली. बसवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून निभावलं. त्यानंतर आत्याने दाराला पार वर कडी बसवून घेतली, तरी तिच्या डोळ्याला डोळा लागेना.

त्या संध्याकाळीही तेच चाललं होतं.

"झोप गं आता."

"मी झोपलेय आत्या. पाय झोपत नाहीत."

"पुन्हा उठलीस तर बाबाला फोन करीन बघ."

पोरीचा चेहरा एवढासा झाला. आत्याला स्वतःचाच आवाज टोचला. तेवढ्यात शेजारीण तिचं पातेलं मागायला आली. दारात दोन शब्द बोलून दोघी स्वयंपाकघरात गेल्या, आत्याने पातेलं तिच्या हातात दिलं आणि बाहेर येऊन पाहिलं तर दार उघडंच आणि अंथरूण रिकामं.

ती अनवाणीच रस्त्यावर धावली. पलीकडच्या औषधवाल्याला विचारलं.

"माझ्यासमोरून तर नाही गेली," तो म्हणाला. "पण मी मध्ये आत गेलो होतो जरा."

त्या 'जरा'ने तिचा जीव अर्धा झाला. एक बस धडधडत गेली. ती गेल्यावर रस्त्यावर बघायचा आत्याला धीर होईना. शेजारणीनेच हाक मारली, "अगं, दुकानात पाहिलंस का?"

घरातून दुकानात उघडणारं दार किलकिलं होतं. आत वसतिगृहासाठी शिवलेल्या गाद्यांची छातीएवढी थप्पी होती, आणि वरच्या दोन गाद्यांखालून एक टाच बाहेर आली होती. टाच हलत नव्हती.

आत्याने गाद्या कशा ओढून फेकल्या, ते तिलाही कळलं नाही. पोर कुशीवर पडली होती, डोळे मिटलेले, केसांत कापूस. आत्याने नाकाखाली बोट धरलं.

"काढू नकोस ना," भिंगरी पुटपुटली. "जड असलं की पाय गप्प बसतात."

आत्याने तिला पोटाशी धरलं. शेजारीण रागवायला पुढे झाली, तिला आत्याने हातानेच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या आधी कडक झाल्या. "गाद्यांखाली पुन्हा नाही. श्वास कोंडला असता." मग म्हणाल्या, "काही मुलांना दाब बरा वाटतो. हाताने अंग दाबून बघा. ती नको म्हणाली की थांबायचं. आणि झोपायच्या आधी रोज तेच, त्याच क्रमाने."

दुकानाच्या दाराला कुलूप लागलं. जेवण झालं की भिंगरी कापसाचं गाठोडं ढकलत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत न्यायची, मग हातपाय धुणं, मग मंद दिवा. गादीच्या कोपऱ्यात कापूस बसवावा तसं आत्या तिचे खांदे, पाठ, पोटऱ्या तळहाताने दाबायची. पहिले काही दिवस काहीच उपयोग झाला नाही.

"तुझे हात कापतायत," एकदा पोर म्हणाली. "घाबरलीस?"

"हो," आत्या म्हणाली. खोटं बोलायचं त्राणच नव्हतं.

"मी नाही जाणार. पाय निघाले तर सांगेन तुला."

आणि ती खरंच सांगू लागली. "आत्या, निघाले." मग दोघी उठून पुन्हा गाठोडं ढकलायच्या. हळूहळू ही हाक कमी झाली. कधीकधी अजूनही सगळं फसायचं आणि दोघी रडकुंडीला यायच्या.

भाऊ आला तेव्हा आत्याने त्याला दाबायला शिकवलं. स्टिअरिंग धरून घट्टे पडलेले त्याचे हात लेकीच्या पाठीवर टेकायलाच बिचकत होते. पोरच म्हणाली, "अजून जोरात, बाबा." ती झोपल्यावर तो दबक्या आवाजात बहिणीला म्हणाला, "आता तरी तुला झोप लागते का गं?"

"ती झोपते," आत्या म्हणाली. "माझं होईल सावकाश."