खिळ्यावरची चावी

रमणभाई गेल्याचं मला त्यांच्या मुलीनं, जागृतीनं, फोनवर सांगितलं. "बाई, पप्पा गेले," एवढंच. मी डहाणूला पोचले तेव्हा त्यांच्या गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं आणि बाहेर आलेली माणसं हळू आवाजात बोलत होती. माणूस चांगला, पण फार आडमुठा, गिऱ्हाइकं तोडायचा... असंच काहीतरी. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, ते तिथे कुणाला आठवलं नाही.

हो, होते आडमुठे. ते मी तरी का नाकारू? गाडी सर्व्हिसिंगला दिली की चावी भिंतीवरच्या खिळ्याला लटके, आणि इंजिनाचा टायमिंग बेल्ट, म्हणजे आतला रबरी पट्टा, जुना झालेला असला तर तो बदलेपर्यंत तिथून ती हलत नसे. बेल्ट बदलला की त्याच्या झाकणावर रमणभाई पांढऱ्या रंगानं महिना-साल लिहून ठेवत. तलासरीचे टॅक्सीवाले मुकाट बदलून जात. त्यांच्या गाड्या पळायच्या, त्यांना धोका कळायचा. वाद घालायचो ते आम्ही, शाळेतले आणि कचेरीतले. घर ते ऑफिस, ऑफिस ते बाजार, गाडी धावलीच कुठे? रमणभाईंचं उत्तर ठरलेलं. रबर नुसतं उभ्या गाडीतसुद्धा म्हातारं होतं. कंपनीच्या पुस्तकात किलोमीटरही लिहिलेत आणि वर्षंही, जे आधी भरेल ते खरं.

माझी गाडी नरपडचं घर ते डहाणूची शाळा एवढीच फिरायची. त्यामुळे एका मार्चमध्ये त्यांनी चावी अडवली तेव्हा मी भडकले. दुसऱ्या दिवशी सायवनला परीक्षेची ड्यूटी होती. "मला शिकवू नका रमणभाई, मी पोरांना गणित शिकवते," मी म्हणाले आणि खिळ्यावरून चावी स्वतः ओढून घेतली. ते हात पुसत उभे राहिले.

सायवनच्या अलीकडे चढावर गाडी बंद पडली. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. मी पेपर सुरू व्हायच्या आत कशीबशी एका टेम्पोतून शाळेत पोचले. दुपारी बाहेर येते तर टेम्पोवाल्याकडून कळून रमणभाई गाडी ओढायला दोरखंड घेऊन हजर! बेल्ट तुटला होता, व्हॉल्व्ह वाकले होते, इंजिनाचं हेड उघडावं लागलं. एका शब्दानं टोमणा मारला नाही त्या माणसानं. मारला असता तर बरं झालं असतं; मला भांडता तरी आलं असतं. बेल्टचा तुकडा माझ्या हातात देऊन इतकंच म्हणाले, "बाई, हा तुटायच्या आधी सांगत नाही. म्हणून आपण आधी सांगायचं."

आणि बाराव्याच्या जेवणाला त्यांचे भाऊ म्हणत होते, आता गॅरेज विकून टाकू, पोरीच्या जातीला हे काम शोभत नाही. आठ वर्षं ती पोरगी बापाच्या जोडीनं इंजिनं उघडतेय! ती खाली मान घालून पानं वाढत होती. मी पानावरून उठले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, माझी गाडी सोमवारी येणार, शटर उघडं पाहिजे. शोभलं नसेल मला... नसू दे.

सोमवारी शटर उघडं होतं. जागृतीनं बॉनेट उचललं, झाकणावरचं बापाच्या हातचं साल वाचलं, त्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, बेल्ट बदलायला आलाय. मी सवयीनं वाद घातला. अगं, निवृत्त झालेय मी, गाडी धावलीय कुठे? तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. चावी खिळ्याला लटकवली आणि हात पुसत म्हणाली, "पप्पा नाहीत म्हणून चावी मिळेल असं समजू नका, बाई."

मी रिक्षा करून नरपडला आले. रिक्षावाल्यानं विचारलं, गाडी बिघडली का? म्हटलं, छे, चांगली आहे. चावी खिळ्यावर आहे, आणि बेल्ट बदलेपर्यंत तिथेच राहणार.