एक साइज मोठं जॅकेट

हुडकेश्वरच्या निनावेंच्या घरात भाजी कोणीही आणायचं, दूध कोणीही आणायचं, पण कापड आणायचं ते फक्त चंद्रभानजींनी. दिवाळीचे शर्ट, पत्नी कुसुमताईंच्या साड्या, दारांचे पडदे, लेकीचा शाळेचा गणवेश आणि पुढे तिच्या नोकरीच्या पहिल्या दिवसाचा ड्रेसही त्यांच्याच हातून घरात आला होता. यावरून कधी भांडण झालं नाही, कारण भांडायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती. ते मूळचे उमरेडचे कोष्टी. वडिलांचा हातमाग होता, आणि ते स्वतः उभी हयात गांधीबागेतल्या एका ठोक दुकानात गादीवर बसून कापड दाखवत आले होते. पदर चिमटीत धरला की त्यांना कापडाच्या सात पिढ्या कळायच्या, निदान त्यांचं तरी तसं म्हणणं होतं. आणि घ्यायचं ते एक साइज मोठं, हा त्यांचा नियम. अंग वाढतं, कापड आटतं, असं ते गिऱ्हाइकालाही सांगत आणि घरच्यांनाही. त्यामुळे घरातले सगळेच जरा ढगळ दिसत, पण त्याची सगळ्यांना सवय झाली होती.

दामिनी ही त्यांची एकुलती एक लेक. वय चोवीस, एका रक्तपेढीत कामाला. बाकी सगळ्या गोष्टींत ही पोरगी बापाशी तोंडाला तोंड द्यायची. नोकरी हीच करीन म्हणाली आणि तीच केली. दोन चांगली स्थळं परत पाठवली. मग स्वतःच्या पगारातून बारीक टायरची, वाकड्या हँडलची सायकल घेतली आणि दर रविवारी उजाडायच्या आत घराबाहेर पडू लागली. इथपर्यंत चंद्रभानजींनी कुरकुरत का होईना, चालवून घेतलं. पण यंदा भर पावसाळ्यात तिच्या सायकलवाल्या मंडळींनी नागभीडपर्यंत जाऊन एका दिवसात परत यायचं ठरवलं. दोनशे किलोमीटर, आणि तेही उमरेड रोडने. हे मात्र चंद्रभानजींना चालवून घेता येईना.

तो रस्ता त्यांना तोंडपाठ होता. जन्म त्या रस्त्याच्या एका टोकाला आणि पोट दुसऱ्या टोकाला, असं त्यांचं आयुष्य. कोळशाचे ट्रक पावसात कसे पळतात, त्यांच्या चाकांखालून काळा चिखल किती उंच उडतो, वायपर मारूनही चालकाला समोरचं किती दिसतं, हे त्यांनी एसटीच्या पुढच्या बाकावर बसून कितीदा पाहिलं होतं. मागच्या पावसाळ्यात चांपा ओलांडल्यावर एका दूधवाल्याची सायकल रस्त्याकडेला पडलेली दिसली होती. दुधाचा कॅन पालथा झाला होता आणि माणसावर कोणीतरी पोतं टाकलं होतं. चंद्रभानजींनी घरी येऊन हे सांगितलं नव्हतं. आता त्या पोत्याखाली त्यांना दुसरंच कोणी दिसायला लागलं.

लेकीला अडवणं त्यांच्या हातात नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग सगळा जीव जाऊन अडकला तो जॅकेटमध्ये. दामिनीला पावसाचं जॅकेट लागणार होतं, आणि जॅकेट म्हणजे कापड. इथे तरी आपला शब्द चालेल, असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या विचाराने त्यांना आठवड्यात पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

सायकलच्या दुकानात बापलेक दोघं गेले. दामिनीने आधीच एक जॅकेट हेरून ठेवलं होतं. पिवळंजर्द, आणि कांद्याच्या सालीसारखं पातळ. चंद्रभानजींनी ते चिमटीत धरलं आणि त्यांचा चेहरा पडला. दुकानातला पोऱ्या उत्साहाने सांगायला लागला. हे कापड बाहेरचं पाणी आत घेत नाही पण आतली वाफ बाहेर सोडतं, हे अंगाला घट्टच बसलं पाहिजे, माणूस सायकलवर वाकलेला असतो म्हणून ते पुढून आखूड आणि मागून लांब कापलेलं असतं. चंद्रभानजी मान डोलावत ऐकत होते आणि त्यातला एकही शब्द मनावर घेत नव्हते. ज्याने स्वतः आयुष्यभर गिऱ्हाइकाला गोडगोड सांगितलं, तो दुसऱ्या विक्रेत्याच्या बोलण्याला कसा भुलेल? पुढून आखूड म्हणजे कापणाऱ्याचा हात चुकला, आणि आता चुकलेला माल खपवायला ही वाफेची कथा रचली, इतका साधा हिशेब त्यांनी मनाशी केला.

त्यांनी पाणी मागवलं. दोन्ही बाह्यांवर तांब्याने धार धरली. एक बाही त्या पातळ जॅकेटची, दुसरी त्यांना आवडलेल्या नारिंगी, जाड, आतून रबरासारखा लेप दिलेल्या जॅकेटची. दोन्हींतून थेंब आत गेला नाही. तरी निकाल ठरलेलाच होता. पातळ आज नवं आहे म्हणून टिकलं, असं म्हणून त्यांनी ते बाजूला सारलं.

दामिनीने पातळ जॅकेट अंगात घातलं आणि आरशासमोर सायकलवर बसल्यासारखी वाकली. बाह्या मनगटापर्यंत बरोबर आल्या, पाठ कमरेखालपर्यंत झाकली गेली. ती म्हणाली, बाबा, हे सायकलवर... पण तोवर चंद्रभानजींनी नारिंगी जॅकेटची एक साइज मोठी मागवलीसुद्धा होती, मोठी टोपी असलेली. टोपी हेल्मेटवरून आली पाहिजे, डोक्यावर एक थेंब पडता कामा नये, असं ते पोऱ्याला बजावत होते. दामिनी गप्प झाली. कापडाच्या दुकानात ती लहानपणापासून अशीच गप्प व्हायची आणि चंद्रभानजी तो होकार समजायचे. याही वेळी त्यांनी तो होकारच समजला.

नागभीडच्या आधीच्या रविवारी सराव म्हणून दामिनी एकटी उमरेडपर्यंत जाऊन येणार होती. उमरेडला भावाकडे काम आहे, असं सांगून चंद्रभानजींनीही स्कूटर काढली. काम काही नव्हतं. हे कुसुमताईंना माहीत होतं आणि दामिनीलाही.

पाचगावपर्यंत आभाळ नुसतंच भरून होतं. दामिनीची लय चांगली होती आणि चंद्रभानजी बरंच अंतर ठेवून मागून येत होते. मग पावसाने एकदम जोर धरला. तिने सायकल थांबवली, नारिंगी जॅकेट चढवलं, टोपी हेल्मेटवर ओढली आणि पुन्हा निघाली. दुरून उठून दिसणारा तो नारिंगी रंग पाहून चंद्रभानजींना क्षणभर समाधान वाटलं.

ते फार टिकलं नाही. वेग वाढला तशी जॅकेटमध्ये हवा शिरली आणि तिच्या पाठीवर उशी बांधल्यासारखा फुगवटा तयार झाला. बाजूने वारा आला की तो फुगवटा तिला सायकलसकट ओढून नेई आणि ती हँडल घट्ट धरून पुन्हा सरळ होई. चंद्रभानजींनी अंतर कमी केलं. जवळ गेल्यावर त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. दामिनी दर थोड्या वेळाने मागचं वाहन बघायला मान वळवत होती. मान वळत होती, पण टोपी जागची हलत नव्हती. पोरीला मागचा रस्ता दिसतच नव्हता, टोपीचं अस्तर तेवढं दिसत होतं.

त्यांनी हाक मारली. पावसात ती कुठे ऐकू जाणार! स्कूटरच्या आरशात दोन दिवे उगवले आणि मोठे होत गेले. कोळशाचा ट्रक होता, ताडपत्री फडफडत होती आणि तो वेग कमी करत नव्हता. चंद्रभानजी घाबरले आणि त्यांनी हॉर्न दाबून धरला. दामिनीने दचकून मागे पाहिलं, टोपी डोळ्यांवर आली, आणि नेमका तेव्हाच ट्रक दोघांच्या बाजूने धाडधाड निघाला. त्याच्या वाऱ्याने आधी तिला डावीकडे ढकललं. मग ट्रक पुढे सरकला तसं ते फुगलेलं जॅकेट मागच्या चाकांच्या दिशेने ओढलं गेलं, आणि त्याबरोबर ती. एक वीत उरली असेल. तेवढ्यात तिने सगळं अंग डावीकडे टाकलं, सायकल डांबरावरून खाली उतरली आणि चिखलात आडवी झाली.

ट्रक निघून गेला. कदाचित त्याला काही कळलंही नसेल.

चंद्रभानजींनी स्कूटर टाकून दिली आणि ते धावले. दामिनी उठून बसली होती. गुडघा सोलवटला होता, हाताला खरचटलं होतं, बाकी हाडं शाबूत होती. पण ती कुडकुडत होती. त्यांनी घाईघाईने तिच्या जॅकेटची चेन उघडली आणि आतला टी-शर्ट हाताला लागला तो चिंब. शिवण उसवली का म्हणून त्यांनी खांदा पाहिला, बगल पाहिली. शिवण जागच्या जागी होती. बाहेरचा एक थेंब आत गेला नव्हता. तो सगळा तिचाच घाम होता, कोंडून राहिलेला आणि आता गार पडलेला. दुकानातल्या पोऱ्याने वाफेबद्दल सांगितलेलं सगळं त्यांच्या हाताला लागलं होतं.

त्यांनी ती टोपी मुठीत धरली. मग विचारलं, "यानं मागचं काहीच दिसत नव्हतं तुले?"

"नाही."

"कधीपासून?"

"घातलं तेव्हापासून."

"मंग थांबली काहून नाहीस? काढून टाकलं काहून नाही?"

दामिनी तळहातावरचा चिखल गवताला पुसत राहिली. मग म्हणाली, "मले दुकानातच समजलं होतं बाबा, हे सायकलचं नाही म्हणून. पण कापडात तुमच्यापुढं मी कधी बोलली का? तुमी एवढ्या हौसेनं घेतलं. काढून टाकलं असतं तर तुमाले मागून दिसलं असतं."

चंद्रभानजी चिखलातच खाली बसले. नोकरीसाठी, स्थळांसाठी, या रस्त्यासाठी जी पोरगी त्यांच्याशी कडाकडा भांडली होती, ती एका जॅकेटपायी गप्प बसली होती. त्यांचं मन मोडू नये म्हणून ती डोळे झाकल्यासारखी ट्रकांसमोरून चालली होती. इतके दिवस ते ट्रकला भीत होते. आज पोरगी गेली असती तर ट्रकने नव्हे, आपल्या धाकाने गेली असती, हे त्यांना लख्ख समजलं, आणि त्यांना रडू आलं. पावसात ते दिसलं नाही, पण दामिनीला कळलं असावं. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यांच्या मनात आलं, एखादा टेम्पो थांबवावा, सायकल टाकावी आणि पोरीला सरळ घरी न्यावं. तोंडापर्यंत आलेलं ते वाक्य त्यांनी गिळलं. मग चाचरत, सवय नसलेल्या माणसासारखं विचारलं, "आता कसं करायचं? तू सांग."

दामिनीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग जॅकेट काढलं, गुंडाळून त्यांच्या हातात दिलं. सायकल उचलून चाकं फिरवून पाहिली, ब्रेक दाबून पाहिले.

"मले उमरेडपर्यंत जायचं आहे," ती म्हणाली. "सायकल चालवत राहिली की थंडी जाईल. तुमी मागून या, इंडिकेटर लावून. अन् हॉर्न नका वाजवू बाबा, मी दचकतो."

ते बरं म्हणाले. त्यांनी जॅकेट डिकीत कोंबलं आणि इंडिकेटर लावला. ती पुढे निघाली. दर थोड्या वेळाने ती मान वळवून मागे बघत होती, आणि आता तिला रस्ता दिसत होता. तिच्या उघड्या हातांवर आणि पातळ टी-शर्टच्या पाठीवर पाऊस नुसता कोसळत होता. ते पाहवत नव्हतं, तरी चंद्रभानजी तेवढंच अंतर ठेवून तिच्या मागे येत राहिले.