सासरवाडीला जाणारं गेट

कुणा माणसावर लिहावं एवढा मी मोठा नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मी कॉमर्सला आहे म्हणून तलासरीतल्या आमच्या शेजारच्या वेल्डिंगवाल्या काकांनी मला सल्ला विचारला.

कारखान्यातली नोकरी सोडून त्यांनी नुकतीच घरासमोर शेड टाकली होती. गेट तयार झालं की ते स्वतः त्याला लटकून बघतात. "मी नाय पडलो, तर गेट नाय पडणार."

त्यांची सासरवाडी सीमेपलीकडे, गुजरातेत. मेहुण्याने तिकडच्या वाड्यांच्या गेटांची मोठी ऑर्डर आणली. मी चाचरत सांगितलं, "काका, इथल्या एवढ्याशा धंद्याला जीएसटी नंबर लागत नाही. पण गुजरातेत विकायचं तर पहिल्याच गेटापासून लागतो. आणि एकदा घेतला की पाड्यातल्या गिऱ्हाइकांनाही टॅक्स लावावा लागेल."

मेहुणा हसला. "दाजी, सासरवाडी कधीपासून परराज्य झाली? इथल्याच कुणाच्या नावाने बिल फाडा."

"तुझी बहीण मी वाजतगाजत आणली, चोरून नाय. गेट पण तसंच जाईल."

मेहुणा रागावून निघून गेला. काकांनी पाड्यात कबूल केलेली गेटं आधी जुन्याच भावात पुरी केली, मग जीएसटी नंबराचा अर्ज भरला. तोवर ऑर्डर टिकेल का, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

काल हॉस्टेलवर आईचा फोन आला. नंबर आला, आणि मेहुणाही टेम्पो घेऊन आला. पहिलं गेट चढवण्याआधी काकांनी त्यालाच लटकायला लावलं.