पिवळी झाडं उपटणारी आत्या

मी जो काही आहे, तो शांताआत्यामुळे. आमच्या घरातला पहिला पदवीधर तिने घडवला. मला तालुक्याच्या शाळेत घातलं, मग नागपूरला शेतकी शिकायला धाडलं. तीन आठवड्यांपूर्वी नागपूरजवळच्या वाडीतल्या माझ्या खोलीवर फोन आला, ती गेली म्हणून... मिळेल ती गाडी धरून मी गावी निघालो.

पदवी घेऊन गावी गेलो त्या वर्षी सोयाबीनवर पांढरी माशी आली होती. पाठोपाठ पानं पिवळी पडायला लागली. आमच्याकडे अशा वेळी दोन-तीन कीटकनाशकं आणि वर टॉनिक, सगळं एकाच पंपात घालून मारतात. आत्याचे दीर नीळकंठकाका तेच करत होते. मी आत्याला म्हणालो, पिवळं झाड औषधाने बरं होत नाही, माशी तिथून रोग उचलते आणि पुढे नेते. आधी ती झाडं उपटून पुरू, मग शिफारशीचं एकच औषध पानाच्या खालून मारू.

"पुस्तकातलं सांगून राहिला का पाहेलं?"

"दोन्ही."

"मंग चाल."

उभं पीक उपटताना पाहून काका बांधावरून ओरडले, "वहिनी, पोराले डिग्री भेटली अन् तुमचं वावर गेलं!"

"वावर माह्यं, पोरगंही माह्यंच. तुमाले काहून झोंबून राहिलं, भाऊजी?"

नाल्याकडचा तुकडा गेलाच. तिथे आम्ही उशिरा पोचलो होतो. गावाने तेवढंच पाहिलं. बाकीच्या शेंगा भरल्या, ते कोणी बोललं नाही. पुढच्या वर्षी मी नागपूरला होतो, तरी ती पुन्हा उपटायला वाकली, एकटी.

फोन असूनही ती माझ्याकडून पत्र मागायची. फोनवरचं उडून जाते, म्हणायची. मागच्या आठवड्यात तिच्याच नावाने पत्र टाकलं :

"आत्या,

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी वावरात गेलो. माशी आहे. काका तीन औषधं कालवून पंप भरून तुझ्याच बांधावर उभे होते. 'आता कोण अडवते?' म्हणाले. मी अडवलं. पंप ओढून घेतला, भांडण झालं, सगळ्यांसमोर झालं. मग मी तुझ्या वावरात उतरलो आणि पिवळी झाडं उपटायला लागलो. बांधावर माणसं जमली, हसत होती. अंधार पडेस्तोवर उपटत होतो. उद्या सकाळी वारा पडलेला असताना फवारतो. एकच औषध, तोंडाला दुपट्टा बांधून. काकांना सांगून ठेवलंय, पुढच्या हंगामालाही मीच येणार.

तुझा,
गजू"