साधना मॅडमचे दोनशे चौदा शब्द

साधना मोहुर्ले आमच्या गोंडपिपरीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. बारा वर्षं झाली, अजून तासिकाच. मी तिथला ग्रंथपाल. संशोधन करणाऱ्यांना संदर्भ कसे द्यायचे ते शिकवणं माझं काम, म्हणून तिची गोष्ट मला पहिल्यापासून माहीत आहे. त्या गोष्टीत माझाही हात आहे.

तिचं माहेर नदीपलीकडे, मार्कंड्याजवळ. आई धुरपता गावातल्या बायांची टोळी घेऊन धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, जायची. बांधीच्या चिखलात वाकून ती जे बोलायची ते साधना वहीत टिपायची. २०१३ मध्ये तिनं ब्लॉग सुरू केला. शनिवारी दुपारी माझ्याच संगणकावर बसून एकेक शब्द चढवायची. पऱ्हे म्हणजे रोपं, पुंजणं म्हणजे कापलेल्या धानाचा ढीग, धुरा म्हणजे बांध, चुरणा म्हणजे मळणी, असे दोनशे चौदा झाले. विद्यार्थी विचारायचे, मॅडमच्या ब्लॉगचा संदर्भ देऊ का? मी सांगायचो, ब्लॉगचा देऊ नका, छापील काहीतरी शोधा. ती तिथंच बसलेली असायची.

२०१९ मध्ये ब्लॉग ज्यावर होता ते फुकटचं संकेतस्थळ बंद पडलं. आगाऊ सूचना आली होती, पण तिच्या जुन्या, वापरात नसलेल्या मेलवर. "शब्द वहीत आहेत सर," ती म्हणाली. मीही तेवढ्यावर सोडून दिलं.

पुढं तिनं याच शब्दांवर पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. २०२४ मध्ये प्रबंध तयार झाला आणि नियमाप्रमाणे मी तो साम्य तपासणाऱ्या यंत्रणेत टाकला. अडतीस टक्के साम्य निघालं, सगळं एकाच प्रबंधाशी. दुसऱ्या विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाचा, २०१७ चा, इंटरनेटवर उपलब्ध.

आम्ही दोघांनी तो उघडला. व्याख्या तिच्या, वाक्यं तिची. तिनं एका ठिकाणी केलेली शुद्धलेखनाची चूकसुद्धा जशीच्या तशी. शेवटी सतरा संकेतस्थळांची यादी होती, प्रत्येकापुढं पाहिल्याचा दिनांक. हवामान खात्याचं पानही त्यात होतं. तिचा ब्लॉग नव्हता.

एकशे बाराव्या पानावर ती थांबली. तिथं लिहिलं होतं: 'रोवणा आटोपल्यावर उरलेल्या पऱ्ह्यांना पूर्व विदर्भात लच्छूचा वाटा म्हणतात. लच्छू ही स्थानिक कृषिदेवता असावी.'

"लच्छू माझा मामा आहे सर," साधना म्हणाली. "तो रोवण्याला नेहमी उशिरा यायचा. उरलेले पऱ्हे आई त्याच्या पुढ्यात टाकायची. हा शब्द आमच्या घराबाहेर कुणी बोलत नाही. लच्छू कोण, ते मी ब्लॉगवर लिहिलं नव्हतं."

मला वाटलं, याहून मोठा पुरावा कोणता असणार. आम्ही तिच्या मार्गदर्शकांकडे, गुणवंतरावांकडे गेलो. माणूस वाईट नाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "ब्लॉगचा दुवा?"

"उघडत नाही."

"जुनी पानं साठवणाऱ्या संकेतस्थळावर पाहिलं?"

पाहिलं होतं. मुखपृष्ठ सापडलं, वर तिचं नाव आणि साल. आतली पानं कुणी साठवलीच नव्हती.

"वहीत तारखा नाहीत. आईची मुलाखत जोडते," साधना म्हणाली. "ती सांगेल."

"जोडा. पण मुलाखतीवर तारीख आजची पडणार. त्या प्राध्यापकांचा प्रबंध सतराचा. वाचणारा म्हणेल, बाईंनी तेच सांगितलं जे सरांनी आधी लिहिलं होतं."

तिनं त्या विद्यापीठाला तक्रार पाठवली. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: दिलेला दुवा उघडत नसल्यानं तक्रारीची दखल घेता येत नाही. नोंदणीची मुदत संपत आली होती. गुणवंतराव म्हणाले, "त्यांचा संदर्भ द्या आणि मोकळ्या व्हा."

तिनं दिला. त्र्याऐंशी ठिकाणी. ते संदर्भ नियमात बसवून द्यायला मीच शेजारी बसलो होतो. लेखक, वर्ष, पृष्ठ, दुवा, पाहिल्याचा दिनांक. 'लच्छूचा वाटा' मात्र तिनं काढून टाकला. मी म्हटलं, तळटीप देऊन चूक दाखवा ना. ती म्हणाली, "मामाला देव नाही म्हणायला मला कुणाचा आधार देता येईल, सर?"

तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी तिचं कौतुक केलं. पूर्वसूरींच्या कामाचा असा प्रामाणिक निर्देश हल्ली दिसत नाही, असं म्हणाले. ती आभार मानून खाली बसली.

पदवी मिळाल्यावर ती प्रबंध घेऊन माहेरी गेली. पुढचं तिनंच मला सांगितलं. आईला वाचता येत नाही, म्हणून अंगणात बसून तिनं वाचून दाखवलं. प्रत्येक शब्दामागून त्या प्राध्यापकाचं नाव येत होतं. दहाबारा वेळा ऐकल्यावर धुरपतानं विचारलं, "हा कोन व्हय, घडीघडी येते तो?"

"ज्यानं पयले लिवलं म्हंतेत, तो."

"आपल्या गावाले आला होता का कवा?"

"नाई."

"मंग त्याले कोनं सांगतलं?"

साधनानं पान उलटलं आणि पुढचा शब्द वाचायला घेतला. आई म्हणाली, "राहू दे आता." आणि उठून शेळ्यांना चारा टाकायला गेली.

या वर्षी रोवण्याच्या दिवसांत साधना माहेरीच होती. चिखलात उभ्या आईच्या तोंडून तिनं एक शब्द ऐकला, आधी कधी न ऐकलेला. मी विचारलं, कोणता? ती म्हणाली, "लिहिला नाही सर." आणि तासाची घंटा झाली म्हणून वर्गावर गेली.